वेल्डिंग शाबूत होतं

माझ्या ऑटो पार्ट्सच्या दुकानाचं सगळ्यात जास्त नुकसान कोणी केलं असं कोणी विचारलं, तर मी उंदरांचं नाव घेणार नाही. श्रावणभाऊ मेश्रामांचं घेईन. मूल गावाच्या मेन रोडवर माझं दुकान आणि त्याला लागूनच त्यांचं गॅरेज. मेकॅनिकच्या शेजारी पार्ट्सचं दुकान, म्हणजे हिची चांदीच असणार, असं लोकांना वाटायचं. पण हा माणूस पार्ट बदलायचाच नाही. घासून, ठोकून, बुश मारून, वेल्ड करून जुनाच परत बसवायचा आणि गिऱ्हाइकाला माझ्या दुकानाची पायरीसुद्धा चढू द्यायचा नाही.

मी भांडायची. "भाऊ, मी काय इथे हरिपाठ करायला बसले आहे का?"

ते शांतपणे हात पुसत म्हणायचे, "बाई, नवीन पार्ट बसवाले दुकान लागते. जुना चालता कराले मानूस लागते."

नवरा गेल्यावर मी दुकानात बसायला लागले तेव्हा मला नट आणि बोल्ट यातला फरक कळत नव्हता. एकेका पार्टचं नाव, तो कुठे बसतो, कशाने जातो, हे सगळं याच माणसाने मला शिकवलं. माझं नुकसानही केलं आणि मला धंद्यालाही लावलं. त्यामुळे भांडण कधी टोकाला गेलं नाही.

उंच, किंचित वाकलेले, अंगात कायम खाकी शर्ट. उमेदीची सगळी वर्षं राइस मिलमध्ये गेलेली. मूल, सावली, सिंदेवाही या पट्ट्यात ज्या ज्या मिलमध्ये डिझेलचं इंजिन होतं, तिथे श्रावणभाऊंचा हात लागलेला होता. त्या धडधडीने त्यांचे कान गेले. डावा पूर्ण, उजवा अर्धा. मेकॅनिकला ऐकू येत नसेल तर त्याने काय करायचं? श्रावणभाऊंनी त्यावर तोड काढली होती. लांब पेचकस घ्यायचे, त्याचं टोक चालू इंजिनावर टेकवायचे आणि लाकडी मूठ दाढेखाली धरायचे. डोळे मिटायचे. इंजिनातला आवाज हाडातून चढतो म्हणे. नवा माणूस तो प्रकार पाहून हसायचा. मग श्रावणभाऊ मूठ तोंडातून काढून "वॉटर पंपाचं बेअरिंग गेलं" असं सांगायचे, आणि खोलून पाहिलं की ते गेलेलंच असायचं.

यासाठी त्यांनी दात जपले होते. आमच्या भागात खर्रा, म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी, न खाणारा माणूस शोधून सापडत नाही. लग्नात, मयतीत, नाटकाच्या तंबूत, जिथे जाल तिथे पहिल्यांदा खर्र्याची पुडी पुढे येते. श्रावणभाऊ हात जोडायचे. "हे माह्ये कान हाये, बावा," असं म्हणून दाताकडे बोट दाखवायचे. रोज सकाळी गॅरेजच्या दारात कडुनिंबाची काडी घेऊन ते इतका वेळ उभे राहायचे की मी दुकान झाडून, पाणी मारून मोकळी व्हायची.

दुसरी सवय म्हणजे तोंडावर खरं बोलणं. पंचशील घेतलेला माणूस, पण ते शील ते गिऱ्हाइकांवरही चालवायचे. एका डॉक्टरांची महागाची गाडी आली होती. डॉक्टर म्हणाले, "कंपनीचाच दोष दिसतोय." श्रावणभाऊ म्हणाले, "कंपनीचा नाई साहेब, तुमचा हाये. ऑइल काऊन नाई बदललं?" डॉक्टर पुन्हा फिरकले नाहीत. मी म्हटलं, थोडं गोड बोलायला काय जातं? तर म्हणे, "मंग गाडी गोडावर चालवा."

त्यांच्या वेल्डिंगचं मात्र नाव होतं. एका मिलमध्ये ऐन हंगामात इंजिनाची पुली शाफ्टवर सैल झाली होती. बाहेर धानाच्या गाड्यांची रांग लागलेली, मालक कपाळाला हात लावून बसलेला. श्रावणभाऊंनी ती पुली शाफ्टला सरळ वेल्ड करून टाकली. ते इंजिन नंतर मिल विजेवर जाईपर्यंत चाललं. मग बाकीच्या मिलवाल्यांनीही तेच करून घेतलं. पुली घसरली की बोलाव श्रावणला, मार टाका. मिलचं इंजिन एका सिलिंडरचं, सावकाश धकधक करणारं. त्याला ते पचायचं. आमच्याकडे ती रीतच पडली आणि ती रीत पाडणारा हाच माणूस होता. त्यांना त्याचा अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर मलाही होता.

रैनू मडावी त्यांच्याकडे आला तो एका आश्रमशाळेची जीप घेऊन. गडचिरोलीच्या पलीकडे जंगलातलं त्याचं गाव, तिशी उलटलेला, बायको आणि दोन मुली. शाळेच्या जीपवर ड्रायव्हर. पावसात नाले भरले की भलेभले ड्रायव्हर अलीकडच्या काठावर बिडी ओढत बसायचे, हा पाणी बघून, अंदाज घेऊन पलीकडे जायचा. एकदा साप चावलेल्या पोरीला त्याने अशा वेळेला दवाखान्यात पोचवलं होतं. म्हणजे गाडी वेगात चालवायचा, पण बेफाम नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे नंतर कोणाच्या लक्षात राहिलं नाही.

त्याने आणि त्याच्या दोस्तांनी मिळून एक जुनी छोटी पेट्रोल गाडी घेतली होती. उन्हाळ्यात आमच्याकडे मामा तलाव आटतात. मालगुजारीच्या काळातले हे तलाव, आटले की त्यांच्या पोटात भलंमोठं सपाट मैदान तयार होतं. तिथे गावच्या मंडळाने गाड्यांची शर्यत सुरू केली होती. नागपूरकडचे लोक सजवलेल्या, ताकद वाढवलेल्या गाड्या घेऊन यायचे. रैनूला त्यांच्यात उतरायचं होतं.

"भाऊ, हिले पळवता येईन का?" त्याने विचारलं.

श्रावणभाऊंनी पेचकस दाताखाली धरला आणि बराच वेळ ऐकलं. मग म्हणाले, "हिच्या पोटात जीव हाये. पळवू."

त्यानंतरच्या दोन उन्हाळ्यांत मी त्यांना जितकं खूष पाहिलं तितकं आधी कधी पाहिलं नव्हतं. बायको लवकर गेलेली, मुलगी वडशाला दिलेली. संध्याकाळी गॅरेज बंद करून एकटेच वरण-भात शिजवून खाणारा माणूस. आता रैनू आला की दोघं गाडीखाली शिरायचे. मोठा टर्बो भंगारातून आणला, तो बसवला. पिस्टन बदलले. हो, चक्क बदलले, आणि तेही माझ्याकडून घेऊन. मी पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. पहिल्या उन्हाळ्यात रैनू तिसरा आला आणि श्रावणभाऊ हसले. एवढ्या वर्षांत मी पहिल्यांदाच त्यांचे सगळे दात एकदम पाहिले. पांढरेशुभ्र होते.

रैनूला त्यांनी एकच ताकीद दिली होती, इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या काट्याबद्दल. "काटा लाल घरात जाऊ देजो नोको. बाकी कसाबी चालव."

दुसऱ्या उन्हाळ्यात सरावाला सुरुवात झाली आणि गाडीचा पट्टा किंचाळायला लागला. इंजिनाच्या तोंडाशी क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, टोकावर पट्टा ओढणारी एक पुली असते. दिसायला एकच, पण ती दोन भागांची असते. मधला गाभा शाफ्टला पक्का, बाहेरची जड कडी वेगळी, आणि दोघांच्या मध्ये रबराचं वेटोळं. तेल गळून आणि उष्णता लागून ते रबर मऊ पडलं होतं, कडी गाभ्यावर घसरत होती. श्रावणभाऊ ती पुली घेऊन माझ्याकडे आले. मी नागपूरला फोन लावला. माल पुण्याहून येणार, शर्यत होऊन गेल्यावर मिळेल असं उत्तर आलं.

मी म्हटलं, "भाऊ, यंदा राहू द्या. पुढच्या वर्षी पळवा."

त्यांनी पुली हातात फिरवून पाहिली. "रबर कायले देलं असन हो बाई? पट्ट्याले धक्का लागू नये म्हनून. दोन दिवस पट्ट्याले धक्का लागला तर काय मरून राह्यला तो?" आणि राइस मिलच्या पुलीला जे केलं तेच त्यांनी हिला केलं. रबर काढलं, कडी गाभ्याला चारी बाजूंनी वेल्ड केली. टाका इतका सुबक की बोट फिरवलं तर लागायचा नाही.

पुली बसवली. इंजिन चालू केलं. पेचकस दाताखाली धरून, डोळे मिटून उभे राहिले. मी दुकानाच्या पायरीवरून बघत होते. रैनू ॲक्सिलरेटर दाबत होता, इंजिनाचा आवाज चढत होता, उतरत होता. श्रावणभाऊंनी मूठ तोंडातून काढली.

"एक नंबर," ते म्हणाले. "काहीच नाई."

शर्यत दुपारी होती. मी गेले नव्हते, दुकान होतं. जे झालं ते लोकांनी सांगितलं. रैनू दुसरा चालला होता. शेवटच्या फेरीत तलावाच्या पाळीच्या, म्हणजे बांधाच्या, बाजूच्या वळणावर गाडीतून मोठा आवाज आला, पुढची चाकं जागच्या जागी जाम झाली आणि गाडी वळायच्या ऐवजी सरळ गेली. तिथे लोक उभे होते. बाकीचे पळाले. बर्फगोळ्याची गाडी लावून उभा असलेला बाबूराव नावाचा माणूस पळू शकला नाही. तो जागीच गेला. रैनूचा पाय मोडला. मंडळाचे लोक बघता बघता पांगले आणि पोलिसांनी दवाखान्यातल्या रैनूवर गुन्हा दाखल केला. निष्काळजीपणे गाडी चालवून माणूस मारला, असा.

काही दिवसांनी गाडीच्या तपासणीला एक सरकारी साहेब आले. इंजिन खोलायला त्यांनी श्रावणभाऊंनाच बोलावलं, कारण इथे दुसरं कोणी नव्हतंच. क्रँकशाफ्ट मधोमध तुटला होता. साहेबांनी पाहिलं, फोटो काढले, म्हणाले, "इंजिन मर्यादेबाहेर ताणलंय." आणि गेले. श्रावणभाऊ मात्र त्या तुटलेल्या तोंडाकडे बघत राहिले. मला हाक मारून बोलावलं. तुटलेल्या जागेचा थोडासाच भाग खडबडीत आणि ताजा होता. बाकी सगळा भाग गुळगुळीत, आणि त्यावर झाडाच्या खोडात असतात तशा एकामागे एक रेषा.

"हा एका दिवसात नाई तुटला, बाई," ते म्हणाले. "हा पयल्यापासून तुटून राह्यला होता."

नागपूरच्या सप्लायरकडे एक जाणता माणूस होता. मी त्याला फोन लावून स्पीकरवर ठेवला, श्रावणभाऊंनी उजवा कान त्याला लावला. तो माणूस बोलत गेला. प्रत्येक सिलिंडर पेटला की शाफ्टला एक हिसका बसतो. शाफ्ट लोखंडाचा असला तरी जरासा पिळला जातो आणि परत उलटा येतो. झोक्याला ऐन वेळेवर धक्का देत राहिलं तर तो जसा चढत जातो, तसा ठरावीक वेगाला हा पीळ वाढत जातो. पुलीची जड कडी रबरावर थोडी मागे राहते, तो पीळ खाते, रबरात जिरवते. ती कडी पट्ट्यासाठी नसतेच, ती शाफ्ट वाचवायला असते. ताकद वाढवलेल्या इंजिनात तर ती हवीच हवी.

"अन् वेल्ड केली तं?" श्रावणभाऊंनी विचारलं.

"मग शाफ्ट जाणार. आज नाही तर उद्या."

"पन थरथर तं लागत नोती काही. मी पायलं होतं."

"बाहेर लागतच नाही ती, काका. शाफ्ट स्वतःतल्या स्वतःत पिळतो. इंजिनाच्या अंगाला पत्ताही लागत नाही."

श्रावणभाऊंनी फोनपासून डोकं उचललं. जिभेने दात चाचपल्यासारखं केलं आणि गॅरेजमध्ये गेले. मला रडू आलं, ते मी दुकानात आत जाऊन रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला घेऊन पोलीस स्टेशनला गेले. ऐकू नीट येत नाही म्हणून मला सोबत नेलं. ठाणेदार सभ्य होते, खुर्ची दिली. श्रावणभाऊंनी सगळं सांगितलं. पोराची चूक नाही, पुली मी वेल्ड केली, माझं नाव लिहा. ठाणेदारांनी जप्त केलेली पुली मागवली. ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली.

"भाऊ, वेल्डिंग तर शाबूत आहे."

"तेच तं सांगून राह्यलो ना साहेब. ते शाबूत राह्यलं म्हनून शाफ्ट तुटला."

ठाणेदारांनी माझ्याकडे पाहिलं. मी समजावायचा प्रयत्न केला, माझंही अर्धवटच. श्रावणभाऊंनी मग ठाण्याबाहेरच्या टोपलीवाल्याकडून बांबूची एक कमटी आणली. दोन हातांत धरून इकडे पिळली, तिकडे पिळली, पुन्हा इकडे, पुन्हा तिकडे. वाकवली नाही, नुसती पिळली. तिच्या अंगावर आधी काहीच दिसेना. मग रेषा उमटल्या, मग ती उभी चिरत गेली. ठाणेदारांनी ते शेवटपर्यंत पाहिलं. मग हळू आवाजात मला म्हणाले, "बाई, यांचा त्या ड्रायव्हरवर जीव दिसतो. घरी न्या यांना." तपासणीच्या साहेबांचा अहवाल आला होता. त्यात चालकाने इंजिन मर्यादेबाहेर नेले, असं स्वच्छ लिहिलेलं होतं. जी गोष्ट तुटलीच नाही, तिच्यामुळे अपघात झाला हे कोण मानणार?

गावातही तेच. ज्याचा टाका जन्मात उसवला नाही, त्याच्या टाक्यावर कोणी बोट ठेवायला तयार नव्हतं. उलट लोकांना गहिवरून यायचं. म्हातारा पोरासाठी स्वतःवर घेतोय, म्हणायचे. ज्या माणसाने जन्मभर डॉक्टरलासुद्धा गोड खोटं सांगितलं नाही, तो आता खोटं बोलतोय असं सगळ्यांनी ठरवून टाकलं, आणि त्याबद्दल त्यांचा मान वाढला. मला त्या मानाचा इतका संताप यायचा की दोन गिऱ्हाइकं मी दुकानातून हाकलली.

रैनू तरी ऐकेल, असं त्यांना वाटत होतं. पायाला प्लास्टर घालून तो सरकारी दवाखान्यात पडला होता. आम्ही गेलो. बायको उशाशी बसलेली. श्रावणभाऊंनी त्याचा हात धरला आणि सांगितलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत.

ऐकून झाल्यावर रैनू म्हणाला, "भाऊ, तुम्ही सांगतलं होतं, काटा लाल घरात जाऊ देऊ नोको म्हनून. शेवटच्या फेरीत मी जाऊ देल्ला. माह्या पायानं जाऊ देल्ला."

"त्यानं काही झालं नसतं रे. पुली चांगली असती तं एवढ्यानं काही झालं नसतं."

"मले मालूम हाये तुम्ही काऊन असं म्हनून राह्यले ते." रैनूचे डोळे भरले. "मले वाचवू नका. मानूस मेला ना. माह्याच हातानं मेला."

परत येताना बसमध्ये श्रावणभाऊ खिडकीकडे तोंड करून बसले होते. मूलला उतरल्यावर समोरच्या पानठेल्यावर गेले, खर्रा घोटून घेतला आणि तिथेच तोंडात टाकला. पानठेलेवाल्याचा हात जागीच थांबला. मी ओरडले त्यांच्यावर, रस्त्यात, लोकांसमोर. ते म्हणाले, "आता कायले जपू, बाई?"

पुढचे महिने वाईट गेले. त्यांनी इंजिनाला दात लावणं सोडलं. पांढऱ्या पेंटचा डबा आणि ब्रश घेऊन ते बाजारात उभ्या असलेल्या गाड्यांजवळ जायचे, मालकाला बॉनेट उघडायला लावायचे आणि पुलीच्या गाभ्यापासून कडीपर्यंत एक आडवी रेघ मारायचे. ही रेघ तुटलेली दिसली की समजा कडी घसरली, लगेच नवी बसवा, शोभाबाईकडे मिळते, असं माझं नाव घेऊन सांगायचे. आयुष्यभर माझ्याकडे गिऱ्हाईक येऊ न देणारा माणूस आता लोकांना हाताला धरून माझ्या दुकानात आणायचा. माझी विक्री वाढली आणि मला तो माल हातात घेववत नव्हता. मिलवाल्यांकडेही ते जाऊन आले, जुने टाके तोडा म्हणून. मिलवाले हसले. त्यांची इंजिनं तर केव्हाच भंगारात गेली होती.

रैनूच्या वकिलाला मी स्वतः जाऊन भेटले. श्रावणभाऊंना साक्षीला उभं करा, नागपूरच्या माणसालाही बोलवा, म्हटलं. वकील म्हणाले, "मी तयार आहे हो. आरोपीच नाही म्हणतो. भाऊंना कोर्टात ओढू नका, ते माझ्यासाठी खोटी शपथ घेतील, म्हणतो."

कोर्टात रैनूने गुन्हा कबूल केला. त्या दिवशी आम्ही दोघं गेलो होतो. त्यानंतर आठवड्याभरात श्रावणभाऊंची मुलगी येऊन त्यांना वडशाला घेऊन गेली, आणि तिथेच पुढच्या हिवाळ्यात ते वारले. म्हणजे मी त्यांना नीट असं शेवटचं पाहिलं ते कोर्टाच्या आवारातच.

शिक्षा सुनावल्यावर रैनूला बाहेर आणलं. कुबडीवर चालत होता. श्रावणभाऊ व्हरांड्यात उभे होते. तो त्यांच्यापुढे थांबला, कुबडी हवालदाराच्या हातात दिली आणि भिंतीचा आधार घेत कसाबसा वाकून त्यांच्या पायाला हात लावला.

"जोहार, भाऊ," तो म्हणाला. "सख्ख्या बापानं केलं नसतं ते तुम्ही माह्यासाठी करून राह्यले होते. जन्मभर इसरनार नाई."

श्रावणभाऊंनी त्याला दोन्ही दंडांना धरून उभं केलं. "रैनू, मी खोटं बोललो नाई रे."

"हो भाऊ," रैनू म्हणाला, लहान मुलाची समजूत काढावी तसा. मग कुबडी घेऊन गाडीकडे गेला. चढताना त्याला त्रास झाला, दोघांनी उचलून आत घेतलं.

गाडी गेली. व्हरांडा रिकामा झाला. श्रावणभाऊ वळले आणि मागे राहिलेल्या हवालदाराजवळ गेले. तो तरुण होता, त्याचा या प्रकरणाशी काही संबंधही नसावा.

"साहेब," ते म्हणाले, "ते पुली मी वेल्ड केली होती."

हवालदाराने माझ्याकडे पाहिलं. मग त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "मालूम हाये भाऊ, सगळ्याईले मालूम हाये. या, इथी सावलीत बसा. पानी प्या."

श्रावणभाऊ बसले. त्याने दिलेला ग्लास त्यांनी दोन्ही हातांनी धरला आणि पाणी प्यायले.